चॉकलेटच्या वासाचं ऑर्किड

चष्मेवाल्याला बिननावाची वस्तू सहन होत नसे. दुकानात प्रत्येक काचेला नंबर, प्रत्येक फ्रेमला चिठ्ठी, प्रत्येक खणाला अक्षर. घरीही तीच तऱ्हा. मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि साखरेच्या बरणीवर 'साखर' असं त्याने स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं, जणू उभा जन्म त्या स्वयंपाकघरात वावरलेल्या बायकोला तो फरक अजून कळायचा होता. "माझ्याही कपाळावर एक चिकटवा," असं ती म्हणायची, "म्हणजे सकाळच्या घाईत घोळ नको." तो हसायचा, पण चिठ्ठ्या काही थांबल्या नाहीत.

बायकोची बेकरी दोन गल्ल्या पलीकडे होती. ती आणि तिच्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, अशा दोघी मिळून ती चालवायच्या. वहिनी पुढे काउंटरवर, बायको मागे भट्टीवर. वहिनी अत्तर इतकं लावायची, की गिऱ्हाईक पाव घेऊन गेलं तरी तिचा थोडा भाग सोबत घेऊन जायचं. मागच्या खोलीत मात्र सगळा कारभार बायकोच्या नाकावर चालायचा. कणीक फुगली की नाही, लोणी ताजं की कालचं, पावाला रंग चढला की अजून दम आहे, हे तिला पाठ फिरवूनही कळायचं. वहिनीशी गप्पा मारता मारता ती मधेच उठायची आणि भट्टीचं दार उघडायची, आणि आतला पाव तिचीच वाट बघत असायचा. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी.

मग मागच्या थंडीत तिला ताप आला. ताप चार दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींचा येतो, काहींचा नाही येत. एवढं सांगायला माणसाला इतकी वर्षं का शिकावं लागतं, हे चष्मेवाल्याला कळलं नाही. ओळखीचे वास रोज हुंगत जा, असंही ते म्हणाले. तिने लिंबू, लवंग, साबण, कॉफी असं सगळं मांडून पाहिलं. चारही गोष्टींना एकच वास होता, पाण्याचा. शेवटी एका सकाळी तिने लवंगांची बरणी झाकण लावून फडताळात ढकलली आणि परत काढली नाही.

बेकरीत तिच्या हातून पाव जळायला लागले. तिने एप्रनच्या खिशात टायमर ठेवायला सुरुवात केली. टायमर बिचारा प्रामाणिकपणे वाजायचा, पण आज हवा दमट आहे, पीठ दुसऱ्या गिरणीचं आहे, हे त्याला कुठून कळणार? कधी पाव कच्चा, कधी करपलेला. वहिनी म्हणायला लागली, की भट्टी काढून टाकू, फॅक्टरीतून तयार पाव आणू आणि नुसता काउंटर चालवू. वहिनी वाईट नव्हती. तिला नणंदेचे हाल बघवत नव्हते, इतकंच. बायको "बघू" म्हणायची. जिने कधी कशाला "बघू" म्हटलं नाही, तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की चष्मेवाला हातातला घास ताटात परत ठेवायचा.

रविवारी मोठ्या रस्त्याच्या बाजूला, एरवी गाड्या लावतात त्या मोकळ्या जागेत, शेतकऱ्यांचा बाजार भरायचा. बायको पहाटेची भट्टी आटोपून, एप्रनवरच कोट चढवून तशीच यायची, आणि चष्मेवाला पिशव्या धरायला. त्या रविवारी ती पुदिन्याच्या जुडीपाशी थांबली. सवयीने एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. मग हात खाली आला आणि ती पुढे चालू लागली. चष्मेवाल्याने ते पाहिलं. त्याने पुदिन्याच्या दोन जुड्या उगाचच घेतल्या.

बाजाराच्या टोकाला एक बाई व्हॅनचं मागचं दार उघडून ऑर्किडं विकत होती. एका गिऱ्हाइकाला ती सांगत होती, "नाही हो, ह्यांना वास नसतो बहुतेक. ही बघायची फुलं."

बायकोचे पाय तिथे थांबले. ती वाकून वाकून कुंड्या बघायला लागली. शेवटी तिने एक उचलली. लांब, कमानीसारखी वाकलेली दांडी, आणि तिच्यावर अंगठ्याच्या नखाएवढी पुष्कळ फुलं. वरच्या पाकळ्या तपकिरी-तांबड्या आणि खाली फिकट गुलाबी झालर. कुंडीत चिठ्ठी नव्हती.

"नाव काय ह्याचं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"येताना दार उघडं राहिलं, निम्म्या चिठ्ठ्या उडून गेल्या," बाई म्हणाली. "फूल तेच आहे पण."

"घेऊ या हे," बायको म्हणाली. कित्येक महिन्यांत ती आपणहून काही घेऊ म्हणाली नव्हती. "ह्याच्याकडून मला काही नको, आणि ह्यालाही माझ्याकडून काही नको. नुसतं बघायचं."

आणि तिने ती कुंडी त्याला दाखवायला वर उचलली. आता ह्या ठिकाणी शहाण्या माणसाने "छान आहे" म्हणून खिशात हात घातला असता. पण गप्प बसायची वेळ काही माणसांना ओळखताच येत नाही. चष्मेवाला वाकला, त्याने फुलांत नाक घातलं आणि तोंड भरून म्हणाला, "अगं, वास आहे ह्याला. चॉकलेटचा. जरा व्हॅनिलाचा पण आहे."

बायकोचा चेहरा पडला. विकणारी बाई म्हणाली, "असेल बाबा. मला तर ह्या व्हॅनमध्ये सगळ्याला खताचाच वास येतो."

घरी येईपर्यंत चष्मेवाल्याने स्वतःला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. मग प्रायश्चित्त म्हणून त्याला एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे फुलाचं नाव शोधायचं. त्याने फोटो काढले, समोरून, बाजूने, पानांचे, मुळांजवळच्या फुगीर गाठींचे, आणि ऑर्किडवेड्या लोकांच्या एका ग्रुपवर टाकले. हे लोक भांडकुदळ असतात. एकाने एक नाव सांगितलं, दुसऱ्याने त्याची अक्कल काढली, तिसऱ्याने दोघांची. मग एकाने विचारलं, "वास आहे का?"

"आहे. चॉकलेटचा," चष्मेवाल्याने लिहिलं.

"मग प्रश्नच मिटला," उत्तर आलं. "ऑन्सिडियम. चॉकलेट ऑर्किड म्हणतात ते हेच. सकाळी ऊन लागलं की वास सुटतो, संध्याकाळी शोधूनही सापडायचा नाही."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने चिठ्ठी लिहिली, 'ऑन्सिडियम (चॉकलेट)', आणि कुंडीला चिकटवली. बायकोने ती चिठ्ठी दोनदा वाचली.

"चॉकलेट," ती म्हणाली. "निम्मं आयुष्य कोको चाळण्यात गेलं माझं. लिंबू-लवंगांचं सोडा, पण ह्याचा वास यायलाच हवा मला. ह्याचा नाही आला तर कशाचा येणार?"

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. बायको पहाटे भट्टीवर जायची आणि आठच्या सुमाराला चहाला घरी यायची. चहा घेऊन नऊला तो दुकान उघडायचा आणि ती परत बेकरीत. आता चहाच्या आधी ती कोटसुद्धा न काढता खिडकीशी जायची, उन्हातली कुंडी दोन्ही हातांनी उचलायची आणि डोळे मिटून श्वास घ्यायची. मग म्हणायची, "अहो, इकडे या. आहे का आत्ता?"

तो तिच्या खांद्यावरून वाकायचा. "आहे."

"केवढा?"

"बऱ्यापैकी. कालच्यापेक्षा जास्तच."

"मला काही नाही," ती म्हणायची, आणि कुंडी जपून खाली ठेवायची.

चष्मेवाल्याच्या धंद्यात दोन तऱ्हेची माणसं येत. एका तऱ्हेची माणसं समोरच्या पाटीवरची अक्षरं आधीच्या माणसाकडून ऐकून पाठ करतात आणि दिसत नसताना घडाघडा वाचून दाखवतात. कुणाला फसवायला नाही, नंबर वाढला हे ऐकायची भीती वाटते म्हणून. दुसऱ्या तऱ्हेची माणसं दिसत नाही तिथे "दिसत नाही" म्हणतात. ही थोडी असतात आणि त्यांचाच चष्मा नीट बनतो. बायको ह्या दुसऱ्या जातीची आहे हे त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तरी एकेका सकाळी त्याला वाटायचं, की हिने आज एकदा खोटं बोलावं. "येतोय जरासा" म्हणावं. मी लगेच विश्वास ठेवीन.

त्याऐवजी ती एक दिवस चहा ढवळत म्हणाली, "वहिनी विचारत होती भट्टीचं. मी सांगितलं, ह्याचं शेवटचं फूल गळेपर्यंत थांब. वास आला तर भट्टी राहील. नाही आला तर तू म्हणतेस तसं करू."

"फुलावर कसली भट्टी ठरवतेस?"

"मग कशावर ठरवू? टायमरवर?"

मग त्याने झाडाची सेवा सुरू केली. पाणी उकळून गार करून घालायचं, पानं ओल्या फडक्याने पुसायची, खिडकीत कुंडी उन्हाबरोबर सरकवायची. एका संध्याकाळी बायको घरी नसताना त्यानेही फुलांत नाक घालून पाहिलं. काहीच नव्हतं. संध्याकाळ झाली, वास झोपला असणार, असं म्हणून त्याने पडदा ओढून घेतला. ग्रुपवरच्या माणसाने सांगितलंच होतं.

फुलं मात्र कुणाचं ऐकत नव्हती. रोज खिडकीच्या फळीवर एक-दोन पडलेली असायची. एका शुक्रवारी दांडीच्या टोकाला मोजकीच उरली होती. बायकोने कुंडी उचलली, श्वास घेतला, परत घेतला, आणि ह्या वेळी त्याला बोलावलंच नाही. टेबलाशी येऊन ती पावाला लोणी लावायला लागली.

"भट्टी नेणाऱ्या माणसाला फोन केला मी," ती म्हणाली. "सोमवारी येतोय. सुटी करून नेणार म्हणाला, दार तेवढं मोठं नाही आपलं."

"फुलं आहेत अजून."

"राहू दे हो." तिने लोणी अगदी कडेपर्यंत सारखं लावलं. "दमले मी. रोज सकाळी उठून नापास व्हायचं, ह्यालाही काही मर्यादा असते."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती पाव खात राहिली, ज्याची चवही तिला धड लागत नव्हती, आणि तो समोर बसून तिच्याकडे बघत राहिला. ह्या बाईवर आपलं किती प्रेम आहे हे त्याला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं, की त्याने उगाच उठून नळ बंद आहे का ते पाहिलं.

शनिवारी सकाळी त्याने दुकानावर 'थोड्या वेळात येतो' अशी पाटी लावली आणि कुंडी कापडी पिशवीत घालून निघाला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत ऑर्किड क्लबची बैठक भरते, हे त्याला ग्रुपवरून कळलं होतं. हातपाय गाळून चालणार नव्हतं. एक प्रश्न विचारायचा होता: वास वाढवता येतो का? खत घालून, ऊब देऊन, कसाही. उद्याच्या एका सकाळपुरता.

क्लबच्या अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य बाई होत्या. गळ्यात भिंग, हातात टूथपिक, आणि नाकावरून घसरणारा चष्मा. चष्मेवाल्याने आधी चष्मा पाहिला. दांडी सैल झाली होती. त्याने खिशातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून तो तिथल्या तिथे आवळून दिला, त्यामुळे रांगेतल्या दोघांच्या आधी त्याचा नंबर लागला.

बाईंनी कुंडी उजेडात घेतली, एका फुलाची झालर टूथपिकने अलगद खाली दाबली आणि आत असं पाहिलं, की आता "चूळ भरा" म्हणतील.

"घराणं ऑन्सिडियमचं, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही चॉकलेटवाली नाही. तिची मावसबहीण म्हणा. घशापाशी हा पिवळा उंचवटा बघा, तिचा असा नसतो. कुणीतरी दोन जातींचा मेळ घालून केलेलं रोप आहे. चिठ्ठी हरवली म्हणताय, मग नेमकं नाव कुणीच सांगू शकणार नाही."

"पण चॉकलेटचा वास आहे ह्याला."

बाईंनी फुलं नाकाशी धरली. "नाही."

"सकाळी असतो."

"सकाळच आहे. ऊन आहे. ह्याला वास नाहीच." त्यांनी कुंडी शेजाऱ्याकडे दिली. त्याने हुंगली, मान हलवली, पुढे दिली. टेबलाभोवतीची सहा-सात नाकं त्या कुंडीवरून फिरली आणि सगळ्यांनी एकच निकाल दिला. कुंडी परत आली तेव्हा चष्मेवाल्याने स्वतः नाक घातलं. पाकळ्या गालाला लागेपर्यंत घातलं. ओल्या सालीचा वास येत होता, कुंडीत मातीऐवजी भरलेल्या.

"पण मला रोज येतो," तो म्हणाला. पाटी पाठ केलेली म्हातारी माणसं असाच हट्ट करतात, हे त्याला बोलताना जाणवलं. "रोज सकाळी येतो. शपथेवर सांगतो."

"मग दुसऱ्या कशाचा येत असेल," दंतवैद्य बाई शांतपणे म्हणाल्या. तोंडात हात घातल्यावर भांडणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती. "घरात सकाळी कुणी काही भाजतं का? केक वगैरे?"

"घरात नाही. बायकोची बेकरी आहे, पण ती दोन गल्ल्या पलीकडे. ती तिथून येते आणि कुंडी उचलते, आणि मी..."

तो बोलायचा थांबला. बाजारात कुंडी कुणी वर धरली होती? खिडकीशी रोज कोण धरायचं? आणि त्या संध्याकाळी, जेव्हा घरात नुसतं फूल होतं आणि ती नव्हती, तेव्हा काय आलं होतं? चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं तो वास उशीवर, दाराच्या खुंटीवर, टॉवेलवर होता. इतका, की तो वास आहे हेच तो विसरून गेला होता. आणि मग एक दिवस समोर फूल आलं आणि गाढवाने तो सगळा फुलाच्या नावावर लावून दिला. वर चिठ्ठीही चिकटवली.

"बसा जरा," बाई म्हणाल्या.

"नाही, जातो," तो म्हणाला, आणि कुंडी पिशवीत न घालता तशीच हातात धरून जिना उतरला.

वाटेत दोनदा थांबून त्याने फूल हुंगलं. रस्त्यावरच्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं तर पाहू दे. काही नव्हतं. दोन्ही वेळा स्वच्छ काही नव्हतं, आणि त्याला इतका आनंद झाला होता, की त्याला जवळजवळ धावावंसं वाटत होतं.

बेकरीत वहिनी काउंटरवर होती. "भावजी, दुकान सोडून?" ती म्हणाली. तो तिच्या अत्तराच्या ढगातून श्वास रोखून पार झाला आणि मागच्या खोलीत गेला. बायको लांब टेबलाशी पीठ खरवडत होती. भट्टी तापलेली होती.

"ह्याला वास नाही," त्याने दारातूनच सांगितलं.

बायकोने वर पाहिलं. "गळत आलंय ते. कमी झाला असेल."

"कमी नाही. नव्हताच. कधीच नव्हता. क्लबमध्ये सगळ्यांनी हुंगून पाहिलं. ही ती जातच नव्हे."

तिने हात फडक्याला पुसले, एकेक बोट सावकाश. "रोज सकाळी तुम्ही सांगत होतात, आहे म्हणून."

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून?" तिचा आवाज बारीक झाला. "आंधळ्याला रंग सांगतात तसं? अहो, मी त्यावर भट्टी पणाला लावली होती."

"नाही गं. बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला मला जमलं असतं तर बाजारातच गप्प नसतो बसलो? मला खरंच येत होता. चॉकलेटचा, व्हॅनिलाचा, रोज." त्याने कुंडी टेबलावर ठेवली. "फक्त तू जवळ असतानाच."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा वास होता तो. मी तुझा वास घेऊन सांगत होतो, की फुलाला आहे."

ती म्हणाली, "बेकरीत उभे राहून सांगताय. इथे तर भिंतींनाही येत असेल."

"घरी बेकरी नव्हती," तो म्हणाला. "घरी तू होतीस."

बायको पिठाच्या पोत्यावर बसली. काही वेळ तिच्या चेहऱ्यावरून हसावं की रडावं हे ठरत नव्हतं. "आणि मी रोज म्हणत होते, मला काही नाही..."

"ते बरोबर होतं. रोजच्या रोज बरोबर. घरातलं एक नाक चुकत होतं, ते माझं होतं."

ती हसली. मग हसणं थांबलं. "पण म्हणून माझं आलं असं नाही."

"नाही," तो म्हणाला. ह्याबाबतीत त्याला खोटी आशा दाखवायची नव्हती. "एवढंच, की ह्या फुलामुळे ते गेलं असंही ठरत नाही. तू नापास झाली नाहीस. परीक्षाच झाली नाही."

पुढे वहिनी कुणाला तरी सुटे परत देत होती. बायकोने एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"कसा आहे?" तिने खाली बघत विचारलं.

"काय कसा आहे?"

"माझा वास." ती भराभर बोलायला लागली, बांध फुटल्यासारखी. "मला माझाच माहीत नाही हो आता. घामाचा येतो की आंबलेल्या पिठाचा येतो, काही कळत नाही. गिऱ्हाईक जवळ आलं की मी मागे सरते. रात्री मी पार कडेला झोपते ते का, असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, मी घोरतो म्हणून."

"घोरता तुम्ही. पण त्याची सवय आहे मला."

इतके महिने ही बाई हातभर अंतरावर, अंग चोरून झोपत होती, आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं सगळं पाहणाऱ्या चष्मेवाल्याला ते दिसलं नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, गुडघे कुरकुरले तरी बसला, आणि तिच्या मानेपाशी वाकला. ती सवयीने मागे सरायला गेली. त्याने तिचा खांदा धरून ठेवला.

"थांब, नीट सांगू दे. कोको आहे. तो सगळ्यात वर. त्याच्याखाली व्हॅनिला, पण बाटलीतला नाही, अंगात मुरलेला. गरम पीठ आहे. कानामागे साबण, तो आपला पिवळा. घाम आहे जरासा." ती अवघडली. "असू दे, बरा आहे तो. लोण्यासारखा आहे. आणि केसांत... केसांत जळक्या साखरेचा."

"जळक्या?"

"हो. जरा जास्तच. वाढतोय बघ."

बायको ताडकन उठली, इतकी ताडकन की तो मागच्या दुसऱ्या पिठाच्या पोत्यावर बसला. तिने भट्टीचं दार उघडलं. आत साखर लावलेल्या बन्सचा ट्रे होता आणि मागच्या रांगेतली साखर काळी पडायला लागली होती. तिने फडक्याने ट्रे ओढून टेबलावर आपटला. मागची रांग गेली होती, बाकीचे बन्स मात्र सोनेरी होते, आणखी एक क्षणही नको इतके. तिच्या खिशातला टायमर अजून चार मिनिटं बाकी दाखवत होता.

तिने टायमर टेबलावर ठेवला. एक बन उलटा करून बोटाने खालून ठोकला, कान लावून ऐकला. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याची पँट मागून पांढरी झाली होती.

"दुकान नऊला उघडता ना तुम्ही?"

"नऊला."

"माझा पहिला ट्रे सहाला लागतो. सोमवारपासून यायचं."

"अगं, मला भट्टीतलं काय कळतं? बायको कुठली आणि फूल कुठलं, हे समजायला मला..."

"कळायला नकोच आहे. कळायचं काम माझं. तुम्ही इथे उभं राहायचं आणि काही बदललं की तोंडाने सांगायचं. बोलल्याशिवाय राहवत नाहीच तुम्हाला, ते एकदाचं कामी येऊ दे."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर जळेल एखादा ट्रे," ती म्हणाली. "आजवर काय कमी जळलेत?"

मग तिने पुढच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "वहिनी, त्या सोमवारच्या माणसाला फोन कर. येऊ नकोस म्हणावं."

"का गं? मग कधी येऊ दे?" पलीकडून वहिनीचा आवाज आला.

"भट्टी चालू आहे म्हणावं," बायको म्हणाली. नवऱ्याच्या पाठीवरचं पीठ झटकायला ती त्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती, आणि पीठ झटकून झालं तरी तिथून हलली नाही.